गोवा ते टोरंटो : बाबांचा दोरा म्हणतो चौदा तास, तिकीट म्हणतं तेवीस. मधले नऊ तास कोण खातं?

मोपाशेजारी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. काम साधं आहे, पण घरात त्याचा खटला झालाय.

धाकटी बहीण टोरंटोला असते. फेब्रुवारीत तिचं बाळंतपण. पहिल्या आठवड्यात आई-बाबा जाणार. आई ६६, बाबा ७१. आईचा हा पहिलाच विमानप्रवास. आम्ही पेडणे तालुक्यात राहतो, मोपाचा विमानतळ घरापासून वीस मिनिटांवर. दिवसाला किती विमानं डोक्यावरून जातात ते आई अंगणात कोकमाची सोलां वाळत घालताना मोजते. त्यातलं एकही टोरंटोला जात नाही, हा तिचा मुख्य आक्षेप.

बाबांचा आक्षेप वेगळा. ते शाळेत भूगोल शिकवायचे. एजंटानं पर्याय लिहून दिले तसा त्यांनी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला, पुसला, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा गोव्यापासून टोरंटोपर्यंत ताणून धरला. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे घेर ९४. खऱ्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. दोरा भरला ३० सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. म्हणजे १२,९०० किलोमीटर. विमान ताशी ९०० नं जातं. भागाकार केला : १४ तास २० मिनिटं.

आता पर्याय. पहिला, मोपाहून दुबई आणि तिथून टोरंटो : २३ तास २० मिनिटं, त्यात दुबईला साडेपाच तास थांबा. दुसरा दिल्लीवरून, पण ते विमान वाटेत युरोपात इंधनाला उतरतं म्हणे. सगळं धरून पंचवीसच्या आसपास. तिसरा मुंबई, मग युरोपातलं एक शहर, मग टोरंटो : एकतीस तास, पण दोघांचे मिळून चाळीस हजार वाचतात.

बाबांनी आपला कागद एजंटासमोर सरकवला. "तुमचं सगळ्यात झटपट ते तेवीस तासांचं. मधले नऊ तास कोण खातं?" एजंट म्हणाला, "सर, ते तसंच असतं." हे उत्तर बाबांनी चौतीस वर्षांत सातवीच्या पोरांकडूनसुद्धा चालवून घेतलं नाही. तिकीट अडलंय.

तेव्हा, कोणता पर्याय घेऊ? आणि बाबांना काय सांगू?

अर्धा चहा

नऊ तास एजंटच खातो. तो त्याला सर्व्हिस चार्ज म्हणतो.

काणकोणचा काजू

वीस मिनिटांवर विमानतळ आणि वर तक्रार! ताई, आम्ही मोपाला जायला निघालो की शेजारीण विचारते, "कितले दीस?" शंभर किलोमीटर घरापासून. दाबोळीच्या जुन्या विमानतळावर जायचो तेव्हा कसं, मडगावला चहा पिऊनसुद्धा वेळेत पोचायचो. आता पर्वरीच्या रस्त्यावर अडकलो की विमान आमच्या डोक्यावरून जातं आणि आम्ही खालून टाटा करतो.

सत्तरीचा वाघ

धागाकर्तीची क्षमा मागून एक जुनी शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. टोरंटो आपल्या पश्चिमेला. म्हणजे विमान वर गेलं की टोरंटो आपणहून आपल्याकडे सरकत येणार. मग जाताना वेळ कमी लागायला हवा की नको? मेव्हणा म्हणतो जातानाच जास्त लागतो. मेव्हणा तसा बऱ्याच गोष्टी म्हणतो, म्हणून इथे विचारतोय.

ब्रॅम्पटनची बाय

मोपाशेजारी, मी मूळची डिचोलीची, अकरा वर्षं इकडे आहे. सासू-सासरे दोनदा आणि आई तीनदा येऊन गेली, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झालीय.

पहिला पर्याय घे. डोळे मिटून. कारण तासांचं नाही, विमान किती वेळा बदलायचं याचं आहे. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला विमानात बसून चौदा तास जात नाहीत असं नसतं. जेवण येतं, झोप लागते, पाय आखडतात, पण चुकायला जागा नसते. चुकतो तो विमानतळावर. म्हणून एकदाच बदलायचं, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर. सामान मोपाला दिलं की टोरंटोलाच हातात येतं, याची मात्र काउंटरवर विचारून खात्री करायची. सामानाच्या चिठ्ठीवर वायवायझेड लिहिलेलं हवं, तो इथल्या विमानतळाचा कोड.

दोघांसाठी व्हीलचेअर मागव, तिकीट काढतानाच. बाबा "मी अजून चालतो" म्हणतील. माझे सासरेही म्हणाले होते. ती पायांसाठी नसते, वाटेसाठी असते. माणूस येऊन थेट पुढच्या फाटकापर्यंत नेऊन सोडतो, पाट्या वाचत फिरावं लागत नाही.

जाड कोट बॅगेत नको, हातात. फेब्रुवारीत इथे विमानतळाचं दार उघडलं की हवा कानफटात मारते. आणि बहिणीचा पत्ता, फोन, बोलावल्याचं पत्र, परतीचं तिकीट हे सगळं कागदावर छापून आईच्या पर्समध्ये. मोबाइलमध्ये नको, मोबाइल नेमका तेव्हाच झोपतो.

फोंड्याचा पंप

बायच्या मताशी असहमत. चाळीस हजार म्हणजे थोडे नव्हेत. मी तिसऱ्या पर्यायासारखाच गेलोय, काही बिघडलं नाही. युरोपात सहा तास मिळाले, कॉफी प्यायलो, मजा आली.

आणि बाबांच्या दोऱ्याबद्दल पण शंका आहे. मी आत्ताच भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. गोवा ते टोरंटो सरळ रेषा अरबस्तान, इजिप्त, मग आफ्रिकेचा वरचा काठ धरून अटलांटिकवरून जाते. पण तिकडे जाणारे सगळे सांगतात, आमचं विमान ग्रीनलँडजवळून गेलं. सरळ रस्ता सोडून ग्रीनलँडला कशाला? बर्फ बघायला?

निवृत्त तारवटी

पंपबाब, पट्टी खाली ठेव. मोपाशेजारी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांचा दोरा बरोबर आहे.

मी तीस वर्षं जहाजावर काढली. आमचा सगळा धंदा या दोन रेषांवर चालायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भिंतीवर टांगतात तो नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. हा मर्केटर १५६९ सालचा. त्यानं नकाशा केला तो खलाशांसाठी, की त्यावर सरळ रेघ ओढावी, होकायंत्राचा एक कोन धरावा आणि तोच कोन धरून जावं. त्या सोयीसाठी त्यानं ध्रुवांकडचे प्रदेश ताणले. म्हणून त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. एवढ्या ताणलेल्या कापडावर पट्टी ठेवून माप घेतलं तर शिंपी हसेल.

गोलावर दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. शाळेच्या पुस्तकात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोव्याहून टोरंटोचा हा दोरा निघतो वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे, रशियावरून चढतो, नॉर्वे आणि ग्रीनलँडच्या मधल्या समुद्रावर ७० अंश उत्तरेपर्यंत जातो, मग ग्रीनलँड ओलांडून खाली उतरतो. ध्रुवावरून जातो असं लोक सांगतात ते खरं नाही. पण आर्क्टिक वृत्ताच्या वर जातो हे खरं.

आकडा हवा तर आमच्या पद्धतीनं काढा. एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून मोजलेल्या कोनाचं एक मिनिट. गोवा आणि टोरंटो यांच्यात कोन आहे ११६ अंशांहून किंचित जास्त. अंशाला साठ मिनिटं, म्हणजे ६,९६६ मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणा. १२,९०० येतात की नाही? पंपबाबची पट्टीची रेषा खरोखरच्या पृथ्वीवर चाललात तर १४,९०० च्या घरात जाईल. ग्रीनलँडचा तो 'वळसा' दोन हजार किलोमीटर वाचवतो.

वाघा, तुझं उत्तर. रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीत चढ. बोट नदीच्या मध्यावर गेली की उभ्याउभ्या उडी मार. पाय टेकेपर्यंत बोट खालून निसटली तर कळव. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. पण मेव्हण्याचं म्हणणं बरोबर आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, थंडीत त्याहून जास्त. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

सत्तरीचा वाघ

बोटीत उडी मारली असती तर तिकीटवाल्यानं पाण्यात ढकललं असतं. पण समजलं. मेव्हण्याला काही सांगत नाही.

अर्धा चहा

"एवढ्या ताणलेल्या कापडावर पट्टी" हसून हसून पुरेवाट. पंपबाब, इनो पाठवू का?

फोंड्याचा पंप

इनो नको, कोकम सोडा घेतला. दोऱ्याचं मान्य. चाळीस हजारांचं अजून मान्य नाही.

गणिताचा तास

मोपाशेजारी, बाबांना "तसंच असतं" सांगू नका, हिशेब द्या. तो लागतो.

आधी वळसा. गोवा ते दुबई २,२०० किलोमीटर, दुबई ते टोरंटो सुमारे ११,०८०. बेरीज १३,२८०. बाबांच्या दोऱ्यापेक्षा फक्त ३८० जास्त. म्हणजे दुबईला जाणं हा वळसाच नव्हे, ती जवळपास वाटेवरच आहे. ९०० च्या वेगानं २५ मिनिटं. दिल्लीचंही तसंच : १,५०० आणि ११,६४०, बेरीज १३,१४०.

आता तिकिटावरचे २३ तास २० मिनिटं. त्यातले ५ तास ३५ मिनिटं दुबईचा थांबा समजा. उरले १७ तास ४५ मिनिटं, दोन्ही विमानांचे मिळून. १३,२८० किलोमीटर ताशी ९०० नं गेलं तर पावणेपंधरा तास. हे जे तीन तास उरतात, ते विमान ज्या वेगानं उडतं असं आपण धरतो त्या वेगानं ते सारा वेळ उडत नाही म्हणून. तिकिटावरची वेळ फाटकापासून फाटकापर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर पुन्हा सरकणं, आणि हे सगळं दोनदा. वर तारवटीकाकांचा वारा तोंडावर.

म्हणजे थांबा ५:३५, वळसा ०:२५, वारा आणि जमिनीवरची कामं ३:००. बरोबर नऊ तास. एजंटानं काही खाल्लं नाही.

काणकोणचा काजू

यात घर ते विमानतळ कुठाय? काणकोणहून मोपा अडीच तास, तीन तास आधी पोचायचं, म्हणजे मी विमानात बसायच्या आधीच माझे साडेपाच तास गेले. मोपाच्या जागेची निवड कोणी केली त्याला एकदा काणकोणात आणून

संपादक

काजूबाब, मोपा-दाबोळी वादासाठी वेगळा धागा आहे, त्यावर आधीच चारशे प्रतिसाद आहेत. इथे टोरंटोपुरतं ठेवूया. तुमचं वाक्य पूर्ण होण्याआधीच हात जोडतो.

कडू काढा

म्हापशात दवाखाना चालवतो, म्हणून दोन गोष्टी. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो, आणि हवा अतिशय कोरडी. तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी. पायांत रक्त साकळण्याचा धोका लांब प्रवासात वाढतो, म्हणून तासा-दीड तासानं उठून चालायचं, बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या. पूर्वी तसा त्रास झाला असेल, पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर मोज्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला.

साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही त्यांच्याकडून लिहून घ्या. थंडीत भारत आणि टोरंटो यांच्यात साडेदहा तासांचा फरक आहे, तेव्हा "रात्रीची गोळी" म्हणजे कुठली रात्र, हे आधी ठरवलेलं बरं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

पश्चिमेकडे जाताना शरीराला तितकं जड जात नाही, दिवस लांबतो एवढंच. त्रास परत आल्यावर. माझी आत्या कॅनडाहून आली तेव्हा आठवडाभर रात्री दोन वाजता उठून पोळ्या लाटत होती.

डिचोलीची सुलू

फोंड्याचा पंप यांच्यासाठी माझ्या काकांची गोष्ट. असाच स्वस्तातला मार्ग, पण गोवा-मुंबईचं तिकीट वेगळं काढलेलं आणि पुढचं वेगळं. मुंबईत उतरले सांताक्रूझच्या टर्मिनलला, पुढचं विमान सहारच्या. सामान ताब्यात घ्यायचं, बाहेर यायचं, गाडीनं दुसरीकडे जायचं, पुन्हा रांग. त्यात गोव्याहूनच विमान दीड तास उशिरा निघालं. पुढचं चुकलं. दोन वेगळी तिकिटं असल्यामुळे पुढच्या कंपनीनं हात वर केले, नवीन तिकीट काढावं लागलं. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट गेले. काका त्यानंतर पणजीलासुद्धा दोन बस बदलून जात नाहीत.

फोंड्याचा पंप

माझं तिकीट एकच होतं, हे सांगायचं राहिलं. बरं, वेगळी तिकिटं असतील तर सुलूताईंचं खरं. पण एकाच तिकिटावर असेल तर स्वस्तातलं वाईट नाही, असं माझं अजून मत आहे. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते मात्र बघायचं. आणि माझं वय तेव्हा ३२ होतं, हेही कबूल.

ब्रॅम्पटनची बाय

पंपबाब, शेवटचं वाक्य पहिल्या प्रतिसादात लिहायचं होतं :)

दिल्लीबद्दल राहिलं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, म्हणून ती लांबून फिरून जातात आणि इंधनाला उतरावं लागतं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच बंद होतं. म्हणजे दोरा कितीही सरळ असला तरी खालचे देश तो कापून टाकतात. शिवाय थंडीतलं दिल्लीचं धुकं. माझी आई जानेवारीत तिथे सात तास बसून होती. शेजारच्या पंजाबी बाईशी इतकी गट्टी जमली की अजून दोघी फोनवर बोलतात, कुठल्या भाषेत ते देव जाणे.

बांदोड्याचे आजोबा

तुम्ही सगळे तेवीस तासांना कंटाळता म्हणून लिहितो. आम्ही मुंबईहून पणजीला बोटीनं यायचो. कोकण सेवक, कोकण शक्ती अशी नावं. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, डेकवर जागा पकडायला पोरांना आधी पळवायचं, चादर अंथरायची. वाटेत एकेका बंदरापाशी बोट बाहेरच उभी राहायची आणि होड्या येऊन माणसं, कोंबड्या, पेटारे उतरवून न्यायच्या. एक अख्खा दिवस आणि रात्र जायची, अंतर जेमतेम चारशे किलोमीटर. सकाळी मांडवीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला दिसला की आई हात जोडायची.

त्याच्याही आधीची गंमत सांगतो. मुक्तीपूर्वी मुंबई आम्हाला परदेश. मुंबईला जायला कागद, तपासणी, सरहद्दीवर पायपीट. आणि दाबोळीहून विमान जायचं कुठे? पोर्तुगीज इंडियाची आपली विमान कंपनी १९५५ साली निघाली होती, तिची विमानं दमण, दीव आणि कराचीला जायची. कराची जवळ, मुंबई लांब! १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तिथे ते प्रकरण संपलं. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं ही हल्लीची चैन आहे.

अर्धा चहा

आजोबा, दंडवत. त्याहीपेक्षा लांबचं हवं तर वास्को द गामा. लिस्बनहून ८ जुलै १४९७ ला निघाला, कालिकतजवळ पोचला २० मे १४९८ ला. साडेदहा महिने, मालिंदीला लेओव्हर, आणि व्हीलचेअरची सोय नाही.

काणकोणचा काजू

तरी त्याला मोपाला जावं लागलं नाही.

मोपाशेजारी

मंडळी, देव बरें करूं. 'गणिताचा तास' यांचा हिशेब मोठ्या अक्षरात लिहून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासला, ३८० भागिले ९०० पुन्हा करून बघितलं, आणि म्हणाले, "हां. हे असं सांगायचं असतं." दुबईचं तिकीट काढलं, दोन व्हीलचेअरसकट. व्हीलचेअरचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पण आता नवीन प्रश्न. बाबांनी दुबईहून दोरा लावून बघितला, तो ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून जातो. चौतीस वर्षं पोरांना ग्रीनलँड शिकवला, एकदा डोळ्यांनी बघायचाय म्हणतात. खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

निवृत्त तारवटी

जाताना उत्तर उजव्या हाताला राहणार. उजवी खिडकी. पंखाच्या मागची किंवा खूप पुढची, नाहीतर ग्रीनलँडऐवजी पंख बघावा लागेल. विमान नेमकं कुठून जाईल ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर.

गणिताचा तास

सांगू की नको असं झालंय. दुबईहून विमान पहाटे साडेतीनला सुटतं ना? ग्रीनलँडपाशी पोचायला दहाएक तास. तेव्हा सूर्याच्या हिशेबानं तिथली वेळ पहाटे साडेसहाच्या सुमाराची, आणि ६० अंश उत्तरेला फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य आठच्या आसपास उगवतो. काळोख असेल, ताई. तुम्ही मोपाहून निघाल तेव्हा सूर्य मावळलेला असेल आणि मग सगळा प्रवास पश्चिमेकडे, म्हणजे रात्रीच्या मागोमाग. ही रात्र बावीस तासांच्या वर चालेल.

डिचोलीची सुलू

नका सांगू बाबांना. खिडकी घेऊन द्या.

कडू काढा

माझंही मत नका सांगू. आणि मार्गिकेजवळची जागा आईला द्या, उठायला बरं.

फोंड्याचा पंप

सांगा! भूगोलाच्या मास्तरांना फसवायचं म्हणजे काय.

मोपाशेजारी

(दोन महिन्यांनी) धागा वर काढतेय. भाची झाली, दोघी सुखरूप. आणि बाबांची वही माझ्यापर्यंत फोटोंतून पोचली आहे. त्यांनी सगळा प्रवास मिनिटांसकट लिहून ठेवलाय. जशीच्या तशी देत नाही, गोषवारा देते.

घरातून निघालो दुपारी साडेचार. विमान सुटलं रात्री आठला. दुबईत पोचलो तिथल्या घड्याळानं दहाला पाच कमी. सुटलो साडेतीनला. टोरंटोला टेकलो तिथले सकाळचे आठ पन्नास. इमिग्रेशन, सामान आणि रस्ता धरून मुलीच्या दारात सव्वाअकरा. "उंबरठा ते उंबरठा २९ तास १५ मिनिटं. पैकी विमानात १७:४५, दुबईत ५:३५, निघण्याआधी ३:३०, पोचल्यावर २:२५." खाली लाल शाईनं : "दोरा हा विमानाचा असतो, माणसाचा नसतो असे पुढच्या पिढीला शिकवावे." पुढची पिढी म्हणजे ती भाची, वय आठ आठवडे.

व्हीलचेअर बघून मोपाला चिडले होते. दुबईला एकदा बसले ते उठायला तयार नव्हते, असं आई सांगते.

ग्रीनलँड. मी काही सांगितलं नव्हतं. पण वहीत लिहिलंय, "६० अंश, फेब्रुवारी, पहाट. दिसणार नाही हे ठाऊक होते, तरी उजवी खिडकी घेतली, मुलीने एवढ्या हौसेने काढून दिली म्हणून." रात्रभर पडदा थोडासा वर करून बसले होते. एअर होस्टेस दोनदा येऊन बंद करून गेली. बाहेर काळोख आणि पंखावरचा दिवा. तांबडं फुटलं तेही विमानाच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला. बाबा शेवटी उठून मागच्या दारापाशी गेले आणि त्या टीचभर काचेतून बघत उभे राहिले. उजाडायला दोन तास लागले म्हणतात, कारण विमान सूर्यापासून पळत होतं. आई झोपली होती. तिला उठवायला आले तर ती म्हणाली, सूर्य रोज उगवतो, बसा.

ब्रॅम्पटनची बाय

अभिनंदन गे! कोट हातात होता ना? आणि सोलां आली का कस्टम्समधून?

मोपाशेजारी

कोट हातात होता, सोलां यादीत लिहून दाखवली, आली. पेडण्याच्या जत्रेतलं खाजें मात्र सगळं चुरा झालं, ते आता चमच्यानं खातात.

तारवटीकाका, बाबांनी निरोप दिलाय. जुलैत परत येणार. विमान दुपारी दोनला सुटतं. खिडकी डावीकडची ना?

निवृत्त तारवटी

डावीकडची. त्या वेळी तिथे संध्याकाळ असेल आणि जुलैत सूर्य उशिरापर्यंत वर असतो. ढग नसले तर या खेपेला दिसेल. पंखापासून लांबची घे.